कुठली दाढ ते मशीनला ठाऊक

इंजेक्शन टोचून झाल्यावर डॉक्टरांच्या लक्षात आलं, की कुठली दाढ काढायची तेच आपल्या लक्षात नाही.

डावीकडे माझ्या शेवटच्या दोन दाढा. एक आतून सडलेली, दुसरी ठणठणीत. बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. ठणका सगळ्या जबड्याला, त्यामुळे मलाही सांगता येईना. परवा एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "सापडला चोर! टेलरमास्तर, तुम्ही निर्धास्त राहा." मी निर्धास्त राहिलो. उजवीकडचं माझं दुकान दाढा पडून कधीच बंद झालंय. जे काही चावायचं ते त्या एका ठणठणीत दाढेवर. ती गेली, तर जन्मभर सगळं पातळ करून प्यायचं.

"काळजी कसली? एक्स-रे आहे ना," म्हणत डॉक्टरांनी कोपऱ्यातला कॉम्प्युटर चालू केला. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी ओळ आली. तिचा अर्थ एवढाच, की हार्ड डिस्क सापडत नाही.

डॉक्टरांनी मशीनच्या कानाखाली एक वाजवली. ओळ तीच. दुसरी वाजवली. तरी तीच. मला मशीनचं कौतुक वाटलं. पहिल्याच थपडेला मी तर हवं ते कबूल केलं असतं.

"अगं, तुझ्या भावाला बोलव!" ते बाहेर काउंटरवरच्या बायकोवर ओरडले. "मास्तरांचं इंजेक्शन फार तर तासभर टिकेल!"

मेहुणा आला तो बॅग पोटाशी धरून. आख्ख्या गल्लीचे कॉम्प्युटर तोच दुरुस्त करायचा, म्हणजे लोक दुसरे विकत घेईपर्यंत.

"काय झालं, दाजी?"

"हार्ड डिस्क सापडत नाहीये."

"बरोबर आहे," तो म्हणाला आणि घाईघाईनं सावरला, "म्हणजे... बघावं लागेल."

तो टेबलाखाली शिरला आणि तिथून हुकूम सोडू लागला. "दाजी, रिस्टार्ट मारा. आता एफ-टू मारा. दाबून मारा! खाली जा, एंटर मारा."

"सगळं मीच मारू? तू काय मारणार?"

"मी फुंकर मारतो."

त्यानं मारली. धुळीचा लोट उठला, डॉक्टर शिंकले आणि अवजारांचा ट्रे माझ्या छातीवर आला.

"यादीत कीबोर्ड आहे, माऊस आहे," डॉक्टर डोळे चोळत म्हणाले. "डिस्कच्या जागी 'काही नाही' असं लिहिलंय."

"पॉवर कमी येत असेल," म्हणून त्यानं माझ्या खुर्चीची वायर उपटली आणि त्या प्लगमध्ये कॉम्प्युटरची खोचली. खुर्ची होती तशीच अडकली: पाय वर, डोकं खाली. मग त्यानं कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं, पण उघडी बाजू भिंतीकडे करून, आणि स्वतःचं डोकं आत घातलं. "केबल बदलून बघतो," आतून आवाज आला. दहा मिनिटांनी, "दुसऱ्या खाचेत लावून बघतो." आणखी दहा मिनिटांनी, "सेल बदलून बघू का?"

स्क्रू-ड्रायव्हर काढायला त्यानं बॅग उघडली आणि तशीच ठेवली, नेमकी माझ्या उलट्या डोळ्यांसमोर. आत एक हार्ड डिस्क होती. तिच्यावर चिकटपट्टी, आणि पट्टीवर डॉक्टरांच्या बायकोचं ठळक अक्षर: 'दवाखाना. एक्स-रे. हात लावू नये.'

मी ओरडलो. पण तोंडात कापसाचे बोळे आणि जिभेची झालेली गोधडी.

"हाड! हाड... इ..."

"हाड?" डॉक्टर धावले. "अरे देवा, हाडापर्यंत गेलंय?" आणि आकडा घेऊन माझ्या हिरडीत भोसकाभोसक करू लागले. मला काही जाणवलं नाही, पण आकडा लाल होऊन बाहेर आला.

मी मान हलवली, मेहुण्याकडे बोट केलं. "हाड! हाड!"

मेहुण्यानं माझी नजर कुठे आहे ते पाहिलं. तोंडावरचा रंग उडाला, आणि दुप्पट होऊन परत आला.

"दाजी, हा मला हाड म्हणतोय! कुत्रा समजतो काय मला?" त्यानं बॅग लाथेनं खुर्चीखाली सारली आणि माझ्या डाव्या जबड्यावर गुद्दा हाणला. दुखलं काहीच नाही. शेजारच्यांच्या घरात कपाट पडावं तसा नुसता आवाज आला.

"माझ्या पेशंटला मारतोस? साल्या!"

"नात्यानं म्हणताय की शिवी देताय?"

"दोन्ही!"

डॉक्टरांनी कीबोर्ड उचलून त्याच्या डोक्यात घातला. बटणं खोलीभर उडाली, एफ-टू माझ्या मांडीवर येऊन बसलं. मेहुण्यानं थुंकी ओढायची नळी डॉक्टरांच्या गळ्याभोवती आवळली. डॉक्टरांनी स्टूल फेकलं, ते काचेच्या कपाटात गेलं आणि आतल्या प्लास्टरच्या कवळ्या जमिनीवर खडखडून विखुरल्या. मेहुण्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. डॉक्टरांचा एक डोळा सुजून मिटला. कोटाची काखेतली शिलाई टरकन उसवली. कच्चा दोरा वापरला होता कोणीतरी.

डॉक्टरांची बायको फरशी पुसायचा दांडा घेऊन आत आली. तिनं आधी नवऱ्याला हाणला, मग भावाला, मग पुन्हा नवऱ्याला. पहिला हळू लागला असावा.

या धुमश्चक्रीत कोणाचा तरी पाय बॅगेला लागला आणि डिस्क घरंगळत डॉक्टरांच्या बुटाशी आली. त्यांनी ती उचलली. पट्टी वाचली. पुन्हा वाचली.

"ही तुझ्या बॅगेत?"

"सिनेमे भरायचे होते, दाजी. माझ्या डिस्कवर जागाच नव्हती. आज परत बसवणार होतो."

"मग तासभर या डब्यात काय शोधत होतास?"

"तुम्ही जरा चहाला वगैरे जाल म्हणून वाट बघत होतो. तर तुम्ही हलेचनात!"

"एक्स-रे आहेत ना यात?"

"एकूण एक आहेत! आईशप्पथ, एकाला हात लावलेला नाही."

डॉक्टरांनी डिस्क डोक्यावर उचलली आणि मेहुण्याच्या टाळक्यात घातली. टण्ण!

"अहो, ती डिस्क आहे!" बायको किंचाळली.

टण्ण! टण्ण! माझ्या दाढेचा एकुलता एक फोटो मेहुण्याच्या कवटीवर आपटत होता आणि मी पाय वर करून बघत होतो.

मग सगळे दमले. मेहुण्यानं कपाळावरचं रक्त बाहीनं पुसत डिस्क जागेवर बसवली, या वेळी अगदी मनापासून. मशीन चालू झालं. आतून टक, टक, टक असा आवाज आला आणि पडद्यावर तीच पांढरी ओळ उभी राहिली.

"आता खरंच सापडत नाहीये," मेहुणा दुखावलेल्या आवाजात म्हणाला.

माझ्या ओठाला मुंग्या यायला लागल्या होत्या. इंजेक्शन उतरत होतं. डॉक्टरांनी कापसाचे बोळे काढले, पक्कड घेतली आणि उरलेला एक डोळा माझ्यावर रोखला.

"मास्तर, सोपं करून टाकू. दोन्ही काढतो. एक तर नक्की बरोबर निघेल."

"ना... ना..."

"उघडा. मोठा आ करा." त्यांनी गाल बाजूला ओढायला बोट आत घातलं.

मी आयुष्यात कोणावर हात उगारलेला नाही. तेव्हाही उगारला नाही. मी चावलो. डाव्या बाजूनं, जीव खाऊन, आणि जबडा अजून अर्धा बधिर, त्यामुळे किती जोरात ते मलाही कळेना. डॉक्टर किंचाळले. बायकोनं दांडा माझ्या नडगीवर घातला. मी सोडलं नाही. कडकन काहीतरी मोडलं. मला वाटलं, गेलं त्यांचं बोट.

त्यांनी झटका देऊन हात ओढून घेतला. बोटातून भळाभळा रक्त वाहत होतं आणि मांसात दाढेचा अर्धा तुकडा रुतून बसला होता. डॉक्टरांनी तो चिमट्यानं उपटला, दिव्यासमोर धरला आणि किंचाळायचंच विसरले.

"हीच! आतून पार पोखरलीय. बघ गं, हीच होती ती!"

"बघू, बघू," जमिनीवरून मेहुणा म्हणाला.

मी जीभ मागे नेली. दुसरी जागेवर उभी होती. ढकलून पाहिली, हललीसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"मुळं मात्र आत राहिलीत, मास्तर," डॉक्टर बोटाला कापूस गुंडाळत म्हणाले. "ती काढावी लागतील. आधी एक एक्स-रे घेऊ."

मी छातीवरचा ट्रे भिरकावला, खुर्चीवरून डोक्यावर पडलो आणि गळ्यातल्या कागदी रुमालासकट पळत सुटलो.