सतरा नंबरची बाई

आईने ओले हात पुसले आणि ती स्वतःच्याच घरात खुर्चीच्या टोकावर बसली, परक्याकडे बसावं तशी.

"विचारा, मॅडम."

"आई, नीट बस ना."

"का? बाकीच्या बायकांना अहो-जाहो करतेस. मीच तेवढी अगंतुगं?"

मुलगी हसली. हाताने कचरा निवडणाऱ्या बायकांच्या हक्कांवर तिचा प्रबंध होता. सतराव्या बाईने ऐनवेळी माघार घेतली, तेव्हा आईच म्हणाली होती, "मी काय मेलेय?"

मुलाखतीच्या अर्जावर नावाऐवजी क्रमांक. खाली एक चौकट : मुलाखत घेणाऱ्याशी नातं. तिचं पेन तिथे थांबलं. आई काय काम करते, हे विद्यापीठात तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तिने 'नाही'वर खूण केली.

"कचऱ्यातल्या सुया किती वेळा टोचल्या?"

"मोजत बसले असते तर तुला कुणी शिकवलं असतं?" आईने बोटं उलटसुलट करून पाहिली. "लिही, तीनदा हातमोजे मागितले. साहेब म्हणाले, तुमच्या हातांना सवय असते."

तिने लिहून घेतलं.

"माझं नाव येईल ना पुस्तकात?"

"कुणाचंच येत नाही, आई. नियम आहे."

"नियम असेल तर राहिलं," आई म्हणाली आणि उरलेली भांडी घासायला उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई काम करायची त्या शेडमधला कचऱ्याचा ढीग खचला. आई त्याखाली सापडली ती गेलीच.

चार महिन्यांनी तोंडी परीक्षा झाली. परीक्षकबाईंनी प्रबंधात बोट घालून ठेवलं होतं.

"ही सतरा नंबरची बाई सडेतोड आहे हो. हातमोज्यांचं प्रकरण हक्क आयोगापुढे नेता येईल. ती साक्ष देईल का? विचारून बघा."

तिने पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली.

"तुमची नात्यातली नाही ना? तसं असतं तर नोंदवावं लागलं असतं. चुकीच्या नोंदीवर प्रबंध परत जातो, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे."

तिने पिशवीतून मूळ अर्ज काढला. खूण इतकी दाबून केलेली होती की कागदाच्या मागे उठली होती. त्या उंचवट्यावरून तिने अंगठा फिरवला. आपणही खुर्चीच्या टोकावरच बसलो आहोत, हे तिच्या ध्यानात आलं. ती मागे सरकून नीट बसली.

"नोंद चुकलेली नाही, मॅडम. मी खोटी केली," ती म्हणाली. "ती माझी आई होती."