दोनशे चौदा जागी थेट मागणी

चिंताकी गावच्या शैलश्रीचे सकाळपासून पाय जमिनीला लागेनात. झाडताना गाणं, भाकरी थापताना गाणं, आणि म्हशीपुढं पेंड ठेवताना तर तिनं म्हशीलाच सांगून टाकलं की माझं काम घेतलं गं बाई त्यांनी. म्हैस खात राहिली.

काम कसलं म्हणाल, तर काढून टाकायचं. हवामानाच्या नोंदी वाचणारा सी भाषेतला एक जुना प्रोग्राम आहे, सगळ्यांना खुला. जगभरची माणसं हौसेनं त्याची डागडुजी करतात. त्यात मेमरी लागली की संगणकाकडं थेट मागायची नाही, मधल्या एका फंक्शनला सांगायचं, ही पंचवीस वर्षांची रीत. आणि हे मधलं फंक्शन महाआगाऊ! संगणक नाही म्हणाला की मागणाऱ्याला कळवायचं सोडून ते अख्खा प्रोग्रामच बंद पाडायचं. शैलश्रीनं तीन महिने खपून दोनशे चौदा जागी ते उपटलं, तिथं थेट मागणी लिहिली, आणि नकार आला तर पुढं काय करायचं तेही लिहिलं. काल ते सगळं मंजूर झालं. वर निरोप आला, की रविवारी हैदराबादला सगळे जमणार आहेत, तुम्ही येऊन हे समजावून सांगा. येणार असाल तर आज संध्याकाळपर्यंत नाव कळवा.

जायचं तर होतंच, जीव नुसता उड्या मारत होता. पण अप्पांना विचारायचं कुणी?

या घरात अप्पांना, म्हणजे तिच्या वडिलांना, सिद्धप्पांना, थेट काही विचारायची पद्धतच नव्हती. सगळं अव्वामार्फत, म्हणजे आई शिवम्मामार्फत. शिवम्मा पदराला हात पुसत ओसरीवर जायची, दोन मिनिटांत परत यायची आणि सांगायची, न्हाई म्हणलेत. बिदरचं हॉस्टेल, कॉलेजची सहल, उदगीरच्या मैत्रिणीचं लग्न, सगळ्याला न्हाई. मग शैलश्री तोंड पाडून बसायची आणि विषय तिथंच संपायचा.

आजही ती सवयीनं चुलीपाशी गेली. अव्वानं ऐकून घेतलं, पदराला हात पुसायला घेतले, आणि शैलश्रीला हसू फुटलं. ती स्वतःलाच म्हणाली, दोनशे चौदा ठिकाणचं उपटलंस, आणि दोनशे पंधरावं घरातच की गं! अव्वा अगं अगं करेपर्यंत ती लॅपटॉप काखोटीला मारून ओसरीवर पोचलीसुद्धा.

अप्पा बियाण्याची तूर निवडत बसले होते. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मग जा की," अप्पा म्हणाले. "त्यात काय एवढं?"

मग हॉस्टेलला न्हाई कामून म्हणलाव, असं तिच्या तोंडून निघून गेलं.

"कुठलं हॉस्टेल?"

आत भांडी जरा जास्तच वाजायला लागली. मग अव्वा दारात आली. दमून आलेल्या माणसाला कशाला तरास द्यायचा, ते काय म्हणतील ते मला ठावं न्हाई व्हय, असं पुटपुटली. पोरगी एकटी बिदरला राहिली असती तर मला झोप लागली नसती, हे मात्र खाली बघून म्हणाली.

अप्पांनी सूप बाजूला सारलं.

"मीबी विचारलो व्हतो," ते शैलश्रीला म्हणाले. "दोन साल झाले. त्या डबड्यावर काय करायलीस, मला जरा दाखव म्हणून. तुला येळ न्हाई म्हणून सांगितली ही."

शैलश्रीला हसावं की रडावं कळेना, तिनं दोन्ही केलं. अप्पांना चिकटून बसली आणि लॅपटॉप उघडला. काढलेल्या ओळी लाल रंगात सरकत होत्या, संपता संपेनात. अप्पा मुठीतली तूर तशीच धरून बघत राहिले. एवढं सगळं काढल्यावर चालतंय कसं, त्यांनी विचारलं.

"चालतंय, अप्पा. आता कुणी न्हाई म्हणलं तरी बंद पडत न्हाई."

त्यांच्यासमोरच तिनं नाव कळवून टाकलं.

थोड्या वेळानं आतून बारीक आवाज आला, की शैला, चहा ठेवू का विचार तुझ्या अप्पाला.

"तूच विचार, अव्वा."

शिवम्मा उंबऱ्यावर आली. तिनं पदराला हात पुसले, आणि कधी नव्हे ते खरोखर विचारलं. अप्पा व्हय म्हणाले.