शेवटून पुसायची संख्या

रंगाऱ्याने टर्पेंटाइनच्या फडक्याने पाटीवरचा पहिला सात पुसला आणि खाली स्टूल धरून उभे असलेले सर किंचाळले.

"अहो, काय केलंत! आता हिला अकराने भाग जातोय!"

रंगाऱ्याने दचकून मागे बघितलं. रस्त्यावरून कुणी अकरा जण चाल करून येत असावेत, असा त्याचा चेहरा झाला.

"तुम्हीच म्हणालात ना, एक आकडा पुसला तरी चालतो म्हणून?"

"शेवटून! शेवटून पुसला तर!"

गणित शिकवून परवाच निवृत्त झालेल्या सरांचा ७३९३९१३३ या संख्येवर भारी जीव. ती मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. शेवटचा आकडा खोडा, उरते तीही मूळच. आणखी एक खोडा, तरी तेच, अगदी पहिल्या सातापर्यंत. हे जमणारी याहून मोठी संख्या नाही. पुढे कुठलाही आकडा जोडला की खेळ खलास. कॉलेजने ती खोलीच्या दारावर लावू दिली नाही, म्हणून आता घराच्या.

अडचण एवढीच होती, की पाटी सरांच्या बायकोने आणली होती. उद्यापासून ती घरीच शिवणकाम सुरू करणार होती. तीस वर्षं दुसऱ्यांच्या दुकानात मान मोडून शिवलं, पाटीवर नाव मात्र कायम दुसऱ्याचंच.

रंगाऱ्याने सात पुन्हा काढला, शेवटचा तीन पुसला आणि उरलेली जागा वितीने मोजली.

"तरी बाईंचं नाव बसत नाही. नावातलंच शेवटचं अक्षर गाळू का?"

बायको ओठांत टाचण्या धरून दारात उभी होती.

सरांनी तिचं नाव शेवटच्या अक्षराशिवाय पुटपुटून बघितलं. मग त्याच्या आधीचंही अक्षर सोडून. त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

"नको. एक अक्षर गेलं तरी ती दुसरीच कुणीतरी होते."

त्यांनी रंगाऱ्याला खाली उतरवलं, स्वतः स्टुलावर चढले आणि उजवीकडून पुसायला लागले. "मूळ," प्रत्येक आकड्यामागे ते म्हणत होते, "अजूनही मूळ." जीव तीळतीळ तुटत होता. शेवटी सात उरला, तेव्हा फडकं त्याच्यावरही टेकलं.

"तो राहू द्या," बायको टाचण्या हातात घेत म्हणाली.

"जागा आहे त्याला?" सरांनी विचारलं.

रंगाऱ्याने खिशातून चुरगळलेला कागद काढला. बायकोने सकाळीच, सर उठायच्या आधी, पाटीचं माप घेऊन तो आखून दिला होता. मधोमध तिचं पूर्ण नाव, खाली 'शिवणकाम', आणि डावीकडे बोटभर चौकोनात सात.

"मग आधी का नाही दाखवलात?" सर रंगाऱ्यावर उखडले.

"बाई म्हणाल्या, सरांना स्वतः सोडवू द्या."