आणखी दोन इंच

मी अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या एका अंगणात उभी असलेली खाकी गाडी बोलतेय. आवाज जरा घोगरा वाटेल, त्याला इलाज नाही. इथली धूळ मैद्यासारखी बारीक, आणि मी ती आयुष्यभर गिळली आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही, सगळ्या गाड्यांचा तिथेच होतो. ऑरिनने मला घरी आणलं तेव्हा तो खाणीवर यंत्रांची दुरुस्ती करायचा. त्याची बायको नोला गुरं पाळणाऱ्या घरात वाढलेली. तिने मला एकवार न्याहाळलं, दार उघडून शेजारच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "चल की मग. बघतोस काय?"

गावाचं शेवटचं कुंपण संपलं की सरकारी माळ सुरू होतो. कुणा एकाचा नाही, म्हणून सगळ्यांचा. डांबर सुटलं की ऑरिन खाली उतरून टायरमधली हवा कमी करायचा. चाकं मऊ झाली की दगडाला धरून चालतात. तोवर नोला थर्मासमधली कॉफी ओतायची. वाटेत गुरांची फाटकं लागत. ती उघडायची आणि गाडी गेली की परत लावायची, हे शेजारी बसणाऱ्याचं काम. संध्याकाळी कुठल्यातरी कोरड्या तळ्याकाठी मुक्काम, बिडाच्या भांड्यात मक्याचा पाव आणि घेवड्याची उसळ. दोघं फार बोलत नसत. पण ते न बोलणं सुखाचं होतं.

ऑरिनच्या हातांना चैन नाही. दर हिवाळ्यात तो मला ठोकळ्यांवर चढवायचा आणि काहीतरी नवं जडवायचा. पुढे रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारी विंच आली, पोटाखाली जाड पत्रा आला, टपावर घडीचा तंबू आला. एकदा एका ओढ्यात दगड माझ्या पोटाला घासला. झालं, ऑरिनने मनावरच घेतलं. स्प्रिंगा बदलल्या, टायर मोठे केले, मला दोन इंच उंच केलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. "आणखी दोन इंच," तो म्हणायचा, "मग कशालाच अडायची नाही."

खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडायचं. पेट्रोल पंपावर माणसं माझ्याकडे मान वर करून बघायची. अति तिथे माती म्हणतात ते मला तेव्हा कुठे ठाऊक होतं.

नोलाचा गुडघा दुखतो, हे आधी कळलं ते मला. पूर्वी ती एका झोक्यात आत यायची. मग दाराची मूठ धरून यायला लागली. मग सफरचंदाचं एक लाकडी खोकं आलं. त्याच्यावर पाय ठेवून ती चढायची आणि दोरीने खोकं वर ओढून घ्यायची. प्रत्येक फाटकाला हा सगळा खटाटोप. ऑरिनचं लक्ष समोरच्या वाटेवर. नोला एका शब्दाने बोलली नाही. आयुष्यभर घोड्यावर टांग टाकलेल्या बाईने गाडीत चढता येत नाही म्हणायचं? मोडेन पण वाकणार नाही, अशी ती जात.

मग एका शनिवारी लायल आला. लायल म्हणजे ऑरिनचा खाणीवरचा दोस्त, तोंडाने फटकळ, मनात काही नाही. अंगणात सगळे निघायच्या तयारीत होते. नोलाने खोक्यावर पाय दिला, खोकं कलंडलं आणि ती धुळीत बसली.

"अगं, थांब," लायल म्हणाला, "अग्निशामक दलाला फोन करतो. त्यांच्याकडे लांब शिडी असते."

लायल हसला. ऑरिनही हसला. नोलासुद्धा हसली आणि कपडे झटकून आत येऊन बसली. त्या दिवशी परत येईपर्यंत तिने खिडकीबाहेरच पाहिलं.

पुढच्या शनिवारी ती म्हणाली, "तू जा. मला घरात कामं आहेत." त्याच्या पुढच्या शनिवारीही कामं होती. इकडच्या लोकांची एक रीत आहे. कुणी 'नको' म्हटलं की 'का' विचारायचं नाही. समोरच्याच्या मनात नाक खुपसणं त्यांना असभ्य वाटतं. ऑरिन 'बरं' म्हणाला. नोलाने ते 'बरं' ऐकलं आणि घरात गेली. इतका सभ्यपणा नसता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

काही दिवसांनी ऑरिनने शेजारची सीट काढली आणि तिथे फ्रीज बसवला.

त्यानंतरची वर्षं मला आठवावीशी वाटत नाहीत. आम्ही दूरदूर गेलो. कशालाच अडलो नाही, हे खरं. पण फाटक आलं की ऑरिन उतरायचा, उघडायचा, परत बसायचा, मला पुढे घ्यायचा, परत उतरायचा, लावायचा. मुक्कामाला एकच खुर्ची निघायची. सवयीने तो उजवीकडे वळून म्हणायचा, "ते हरीण बघितलंस?" शेजारून फ्रीज घरघरायचा. नोलाला माळाचा कंटाळा आला, असं त्याने स्वतःला पटवून दिलं होतं. खरं कारण त्याच्या बुडाखाली होतं. ते मी होते, आणि मला बोलता येत नव्हतं.

एकदा एका गरम पाण्याच्या कुंडापाशी एक म्हातारं जोडपं भेटलं. त्यांची गाडी बसकी, चेपलेली. म्हातारीचं नाव बर्निस. तिने ऑरिनला कॉफी दिली आणि विचारलं, "एकटेच?"

"बायकोला आता आवडत नाही," ऑरिन म्हणाला.

बर्निस माझ्या उजव्या दाराशी आली. दार उघडून तिने आत पाय ठेवायच्या जागी हात टेकवला. तो तिच्या कमरेच्याही वर आला.

"गुडघे कसे आहेत तिचे?"

ऑरिनने कॉफीचा मग खाली ठेवला.

"आमचे हेही असेच. दरवर्षी वर, वर, वर. शेवटी मी म्हटलं, आता मला विंचला बांधा आणि आत ओढून घ्या. दुसऱ्या दिवशी खाली उतरवली गाडी." ती हसली. "मी बडबडी आहे म्हणून वाचले हो."

ऑरिन त्याच दुपारी परत फिरला. घरी येऊन त्याने मला पुन्हा ठोकळ्यांवर घेतलं. लायल बघायला आला.

"लोक गाड्या वर चढवतात, तू उतरवतोयस. उन्हात फिरून डोकं फिरलं की काय?"

"तो पाना दे आणि गप्प बस," ऑरिन म्हणाला.

माझी उंची गेली, मोठे टायर गेले. मला वाईट वाटलं, का नाही वाटणार? पण फ्रीज मागे गेला आणि सीट जागेवर आली तेव्हा मात्र हायसं वाटलं.

ऑरिनने नोलाला अंगणात बोलावलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"माझ्यासाठी केलंस?"

"हो."

"मी रमले रे आता घरात. सवय झाली. तू जा."

ऑरिनने 'बरं' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, "का?"

संसारात पहिल्यांदाच विचारलं असावं. नोलाही गांगरली.

"मी पडले तेव्हा लायल हसला, त्याचं काही नाही," ती म्हणाली. "पण तू हसलास."

ऑरिनने माफी मागितली, पण इतक्या हळू, की मलाही जेमतेम ऐकू आली. नोला पुढे आली आणि सीटवर टेकली. आडवी, पाय बाहेर. थोड्या वेळाने उठून घरात गेली.

तेव्हापासून मी इथेच आहे. शनिवारी सकाळी नोला कॉफीचा मग घेऊन येते आणि तशीच बसते, पाय अंगणातल्या मातीवर. ऑरिन स्टिअरिंगपाशी बसतो. किल्ली खिशात असते, तो काढत नाही. घाई करायची नाही, एवढं तो शिकला आहे. डोंगरांवरचं ऊन खाली सरकतं, कॉफी संपते, दोघं घरात जातात आणि माझं दार तसंच उघडं राहतं.

नोला, तुला कड्याकपारींत न्यायची माझी ताकद आता उरली नाही. पहिल्या फाटकापर्यंत जाऊ, वाटलं तर तिथूनच मागे फिरू. तू फक्त एकदा पाय आत घे. पुढचं मी बघते.