माझा आवाज बसला नाही

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. पाण्यात बुडून काम करणारी, म्हणून फारशी कुणाच्या नजरेत न भरलेली. मोटर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर धूर, धडधड आणि वेग येत असेल. माझ्याकडे यातलं काहीच नाही. कमरेइतका उंच दांडा, वर धरायला मूठ, खाली बाटलीएवढं धड आणि त्याला दोन पात्यांचा पंखा, एवढाच माझा संसार. होडीच्या काठाला मला आवळायचं, पंखा पाण्यात सोडायचा, बॅटरीच्या दोन तारा जोडायच्या, की मी होडी चालत्या माणसाच्या गतीने नेते, माशांना चाहूलही लागू न देता. घाई असलेल्यांनी माझ्या वाटेला जाऊ नये.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळणारी बाई दिवसाला चाळीस मोटरी भरायची आणि एकीशीही बोलायची नाही. शेवटी मला पाण्याच्या टाकीत फिरवून बघितलं आणि पाठीवर शिक्का मारला. माझा पहिला मालक हौशी होता. दोन वर्षांत त्याची हौस फिटली आणि मी तळ्याच्या धक्क्यावर, होड्या दुरुस्त करणाऱ्या सुतारकाकांच्या शेडमध्ये विकायला येऊन पडले. तिथून ज्यांनी मला उचललं, ते माझे खरे मालक.

ते पोटासाठी मासे धरत. एकटेच, लाकडी होडीतून. बोलणं मोजकं, पण कान असे तिखट की खडकाजवळचं पाणी आणि उथळ पाणी त्यांना डोळे मिटून ओळखता यायचं. सुतारकाका त्यांना ‘कानसेन’ म्हणत. “याच्यासमोर जपून बोला,” ते लोकांना सांगत, “हा मनातलंही ऐकतो. फक्त बायकोचं तेवढं कधी ऐकलं नाही.” बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. पण हा विनोद ती असतानाचा होता, ती स्वतः त्याला हसायची, म्हणून मालकांनी तो कधी बंद पाडला नाही.

मला वीज पुरवायला तेव्हा शिशाची बॅटरी होती. अठ्ठावीस किलोंची, चौकोनी, सदा रुसल्यासारखी. पण तिचा एक गुण मला आज फार आठवतो. ती दमली की लपवायची नाही. तिचा जोर ओसरू लागला की माझा पंखा मंदावायचा आणि माझा आवाज खाली यायचा, रडून घसा भरलेल्या माणसासारखा. मग गळाला मासा लागलेला असला तरी मालक मान वर करायचे. “बसला गं तुझा आवाज,” म्हणायचे, आणि होडी धक्क्याकडे वळवायचे. आवाज बसल्यावरही घरी पोहोचण्यापुरता जीव त्या बॅटरीत उरलेला असायचा. आमच्या धक्क्यावर सगळेच असं करत. कुणी घड्याळ पाहत नसे, काटा पाहत नसे. अकरा वर्षं मालक माझ्या आवाजावर गेले आणि माझ्या आवाजावर परत आले.

मग मालकांच्या छातीची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी जड उचलायला आणि वल्हं मारायला कायमची बंदी घातली. होडी हाकायला मी होते, त्यामुळे वल्ह्यांचं अडत नव्हतं. अडत होतं ते बॅटरीपाशी. धक्क्यावर वीज नव्हती. बॅटरी रोज घरी न्यायची, रात्रभर भरायची, सकाळी परत आणायची, आणि घर होतं ब्याऐंशी पायऱ्या वर.

मालकांची मुलगी शर्टांच्या कॉलर शिवायच्या कामाला जायची. तिला सगळे ताई म्हणत, म्हणून मीही म्हणते. तीन आठवडे ताईंनी ती बॅटरी स्वतः वाहिली. एका सकाळी मालक खाली उतरत असताना त्यांना ताई अर्ध्या जिन्यात बसलेल्या दिसल्या, कमरेला हात लावून, बॅटरी शेजारच्या पायरीवर.

त्या दिवशी होडीत बसायच्या आधीच मालक म्हणाले, “विकून टाकू होडी.”

“आणि तुम्ही काय करणार?”

“बसेन.”

“तुम्ही? बसणार? आईच्या बाराव्याला तुम्हाला चार तास बसवत नव्हतं, बाबा.”

मला मालकांची मूठ माझ्या दांड्यावर आवळलेली जाणवत होती. शस्त्रक्रियेनंतर त्यांच्यातलं बरंच काही गेलं होतं. पाणी एवढंच राहिलं होतं. तेही गेलं असतं तर ते खिडकीपाशी बसून वाळले असते, हे त्यांना ठाऊक होतं आणि ताईंनाही. पुढच्या रविवारी ताई मला काखेत मारून बॅटरीच्या दुकानात गेल्या.

दुकानदाराने काउंटरवर दोन लिथियमच्या बॅटऱ्या ठेवल्या. दोन्हींवर ‘शंभर’ हाच आकडा छापलेला. हा आकडा म्हणजे तिच्या पोटात मावणारी वीज, असं त्याने समजावून सांगितलं. पहिली बारा किलोंची होती, आणि किती वीज उरली ते दाखवणारी छोटी खिडकी तिच्या अंगावर होती. दुसरीला खिडकी नव्हती. ती अर्ध्या किमतीची होती आणि सात किलोंची.

ताईंनी दुसरी एका हाताने उचलली. खाली ठेवली. पुन्हा उचलली, आणि दुकानातल्या दुकानात चार पावलं चालून पाहिली. त्यांच्या मनात तेव्हा ब्याऐंशी पायऱ्या होत्या, हे मी शपथेवर सांगेन.

“हिच्यातही शंभरच?”

“लिहिलंय की, ताई.”

“मग एवढी हलकी कशी?”

“टेक्नॉलॉजी पुढे गेली. आपण आहोत तिथेच.”

“हिला ती खिडकी नाही पण.” दुकानदाराने उत्तर द्यायच्या आधी ताईंनीच स्वतःला उत्तर दिलं. “नाहीतरी बाबांना ती लागत नाही. ते मोटरच्या आवाजावरून ओळखतात.”

दुकानदाराने मान डोलावली. त्याला काही ठाऊक होतं की नव्हतं, ते मला अजून उमगलेलं नाही. त्याने टपात पाणी भरलं, मला त्यात उभं केलं आणि हलकी बॅटरी जोडली. मी अशी फिरले की पाणी काउंटरवर उडालं. ताई हसल्या. म्हणजे माझंही मत त्याच बॅटरीला पडलं, मित्रांनो. मी नामानिराळी नाही.

घरी येताना ताईंनी आणखी एक गोष्ट केली. होडीतली दोन्ही वल्ही काढून सुतारकाकांच्या शेडमध्ये कुलपात ठेवली. “दिसली की बाबा वल्हवायला बसतील,” त्या म्हणाल्या. “तुमचा मित्र आहे, तुम्हाला माहीतच आहे.” सुतारकाकांनी किल्ली खिशात टाकली. “खरंय पोरी. त्याला नाही म्हणण्यापेक्षा वस्तूच लपवलेली बरी.”

मग आमचे फार चांगले दिवस आले. मालक बॅटरी स्वतः, एका हातात घेऊन, शिट्टी वाजवत पायऱ्या उतरायचे. मासा तेव्हा काठाजवळ होता, तासा-दीड तासात टोपली भरायची. माझा आवाज निघताना जसा, तसाच परतताना. खणखणीत. “म्हातारपणी गळा लागलाय हिला,” मालक लोकांना सांगायचे, आणि मी फुशारून जायचे. मला वाटायचं, माझंच काहीतरी सुधारलं आहे. कौतुक ऐकताना आपण कशामुळे चांगले दिसतो आहोत हे विचारायचं सुचत नाही.

लिथियमची बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत सारखाच जोर देते आणि संपली की दार लावून घेतल्यासारखी थांबते. हा तिचा दोष नव्हे, स्वभाव आहे. ज्याला हे माहीत असतं तो खिडकीकडे पाहतो, नाहीतर घड्याळाकडे. आमच्या धक्क्यावर हे कुणालाच माहीत नव्हतं.

थंडी पडली तसा मासा समोरच्या काठाजवळ, खोल पाण्यात गेला. त्या सकाळी मालकांनी होडी सरळ तळ्याच्या मध्यातून घातली. वारा मागून होता. जाळं टाकलं, ओढलं, जागा बदलली, पुन्हा टाकलं. मासा चांगला लागला. मध्येच ते माझ्याकडे कान करायचे. “अजून दम आहे गं तुझ्यात,” म्हणायचे, आणि आणखी थोडं पुढे जायचे. परत फिरले तेव्हा वारा तोंडावर आला होता. त्यांनी माझी मूठ पूर्ण पिळली. मी वरच्या पट्टीत गात होते, आणि गाता गाता थांबले.

मालकांना वाटलं, पंख्यात शेवाळ अडकलं. त्यांनी मला वर काढून पाती चाचपली, स्वच्छ होती. तारा काढून पुन्हा जोडल्या. मूठ मागे-पुढे केली. बॅटरीवर हात ठेवून पाहिलं. मग त्यांचा हात सवयीने बाकाखाली गेला, जिथे वल्ही असायची, आणि तिथेच थोडा वेळ राहिला.

वारा आम्हाला धक्क्यापासून लांब ढकलत होता. लाटा आडव्या यायला लागल्या. होडीच्या तळाची एक फळी उचकटून ते ती वल्ह्यासारखी मारू लागले. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. मी त्यांच्या मागे उलटी पडले होते आणि मला फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. अकरा वर्षं त्यांनी माझा आवाज ऐकला होता. तो तासभर मी त्यांचा ऐकला. तो बसत गेला. मला तो कळत होता, आणि मला कुठेच वळता येत नव्हतं.

शेवटी त्यांनी फळी खाली ठेवली आणि बाकाला टेकले. “आवाज तर बसला नव्हता,” ते म्हणाले. रागाने नाही. हिशेबात कुठे चुकलं ते शोधणाऱ्या माणसासारखे. मग त्यांचा श्वासही मला ऐकू येईनासा झाला.

दुपारी सुतारकाकांची होडी आली तेव्हा आम्ही लव्हाळ्यात अडकलेलो होतो. टोपलीत काही मासे अजून हलत होते.

आठ दिवसांनी ताई शेडमध्ये आल्या. मी तिथेच भिंतीला टेकून होते. त्यांनी बॅटरी सुतारकाकांच्या बाकावर ठेवली.

“उघडा हिला.”

“काय मिळणार आहे त्यातून, पोरी?”

“उघडा म्हटलं ना, काका.”

सुतारकाकांनी करवतीने जपून झाकण कापलं. आत वीज साठवणाऱ्या विटा होत्या, लहान, चारच. त्या खोक्याचा निम्मा भाग कसाबसा भरत होत्या. उरलेल्या जागेत फोमचे तुकडे दाबून बसवले होते, खोकं वाजू नये म्हणून. ताईंनी एका तुकड्यात बोट रुतवलं. तो हळूहळू पुन्हा फुगला.

“हलकी म्हणून घेतली मी,” त्या म्हणाल्या.

सुतारकाका करवतीचा भुसा पुसत राहिले. “आणि वल्ही माझ्या खिशात होती,” ते म्हणाले. किल्ली म्हणायचं होतं त्यांना. कुणीच दुरुस्त केलं नाही.

दुकानदाराला बोलावणं गेलं. त्याने उघडं खोकं पाहिलं आणि बाकाची कड धरली. “सीलबंद आली होती, ताई. मी कधी उघडून पाहिली नाही.”

“मीही नाही. अशा किती विकल्यात?”

“ही धरून पाच.”

“बाकीच्या कुणाकुणाकडे आहेत?”

चारही होड्या याच धक्क्याच्या होत्या. ताई लगेच उठल्या. शेडच्या दारातून मला त्या होडीहोडीशी थांबताना दिसत होत्या. तिसऱ्या होडीवरचा माणूस म्हणाला, “आमची तर मस्त चालते हो.”

“आमचीही मस्तच चालायची,” ताई म्हणाल्या. त्याने बॅटरीच्या तारा काढल्या.

चौथी होडी पाण्यावर गेलेली होती, आणि वारा सुटत होता. सुतारकाकांनी मला स्वतःच्या होडीला आवळलं, त्यांची जुनी शिशाची बॅटरी जोडली, आणि आम्ही निघालो. ताई पुढे बसल्या. तळ्याच्या मध्याच्याही पुढे तो कोळी निवांत गळ टाकून बसलेला सापडला. ताईंनी सांगितलं ते ऐकून तो वैतागला. मासे पळवलेत, दिवस बुडवलात, माझी मोटर ऐका की, कशी चाललीय, म्हणाला. त्याची मोटर खरंच छान चालत होती. सुतारकाकांनी सरळ त्याच्या होडीला दोर बांधला. तो सबंध वाटभर कुरकुरत होता. धक्का आला तेव्हाही त्याची मोटर चालूच होती. “बघा,” तो म्हणाला, “उगाच आणलंत मला.”

“हो,” ताई म्हणाल्या. “उगाच.” मग त्या पाण्याकडे तोंड करून बसल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आठ दिवसांत पहिल्यांदाच.

मित्रांनो, त्यानंतर मला कुणी पाण्यात सोडलं नाही. ताईंनी होडी विकली, मला विकलं नाही. माझ्या पंख्यावर धूळ बसते, आणि मला त्याची तक्रार नाही. तुम्ही मोठे झालात आणि कुणासाठी एखादी वस्तू निवडायला गेलात, तर तिच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचा, पण पोटात काय आहे तेही विचारा. ती संपायच्या आधी सांगते की नाही, हे तर नक्कीच विचारा. आणि पाण्यावर जाणारं तुमचं माणूस जिच्यामुळे परत येऊ शकेल ती साधी गोष्ट, कितीही मायेने असो, त्याच्याकडून काढून घेऊ नका. कधी कुणी तुम्हाला मध्येच अडवून मागे आणलं, दिवस बुडवला, आणि पुढे काहीच वाईट घडलं नाही, तर त्याच्यावर चिडू नका. उगाच परत आलेलं माणूस घरी जेवायला बसतं.