पहिला सांडगा

पाट्यावरचं वाटण बोटावर घेऊन दगडाबाईनं जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. मूग जास्त झाला होता. मूग स्वभावानं गरीब, आजाऱ्याच्या खिचडीला बरा. नुसत्या मुगाचा सांडगा रश्श्यात पडला की विरघळून मोकळा होतो. मटकीला दाताखाली जोर असतो. चवळी गोडसर, जो मसाला पडेल त्याच्या बाजूची. उडदानं सगळा गोळा धरून ठेवायचा, पण तो जास्त झाला की सांडगा फोडायला बत्ता लागतो. आणि मूठभर हुलगा हवाच.

हुलगे बैलांना घालतात, लग्नाच्या सांडग्यात कसले, असं थोरली जाऊ द्वारकाबाई सकाळपासून तीनदा म्हणाली होती. दगडाबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हुलग्याच्या त्या मातकट, उग्र चवीनंच तर भर पावसाळ्यात भाकरी गोड लागते.

तिचा नवरा सोनाजी धान्याच्या मोंढ्यात हमाल होता. लेक सारजा रांगत असताना तो गेला. तेव्हापासून दगडाबाईनं औरंगपुऱ्यात दारोदार सांडगे विकून पोरगी वाढवली. गल्लीतल्या प्रत्येक लग्नाच्या डाळी तीच भिजवायची, तीच वाटायची. मुहूर्ताचे पहिले पाच सांडगे मात्र सवाष्णींनी घालायचे, आणि तोवर तिनं आत बसायचं. इतकी वर्षं ती मुकाट्यानं बसलीही. आजचे सांडगे सारजाच्या लग्नाचे होते.

गच्चीवर सवाष्णी जमल्या. द्वारकाबाईनं वाटणाच्या पाटीला हळदकुंकू लावलं आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं,

"दगडाबाई, तू जरा आत बस. मुहूर्त होऊ दे, मंग ये."

दगडाबाई आत गेली. पेटी उघडून सोनाजीचं जुनं, धुऊन ठेवलेलं धोतर घेऊन आली आणि गच्चीवर अंथरलं. बायकांत कुजबुज झाली. मेलेल्या माणसाचं धोतर, तेही शुभकार्याला, असं कुणीतरी बोललंच.

"बाई, डाळी भिजवताना मला कुणी आत बसीवलं नाय," दगडाबाई म्हणाली. "ह्याच धोतरावर सांडगे वाळले, म्हणून सारजा जेवली. लेक माझी हाय. पहिला सांडगा मीच घालणार."

"उद्या पोरीला काय बरंवाईट झालं तर?" द्वारकाबाई म्हणाली.

"माझ्या लग्नात पाच सवाष्णीच व्हत्या की. तुमी पण व्हता त्यात."

दगडाबाईच्या मनात रागही होता, भीतीही होती, आईच ती. पण तिनं वाटण उचललं आणि एकामागं एक पाच सांडगे घातले. द्वारकाबाई पदर सावरून जिना उतरली. तिच्यामागं बाकीच्याही गेल्या. उरलेली पाटीभर डाळ मायलेकींनी उन्हात बसून संपवली. सारजा मध्येच रडली, पण उठली नाही.

लग्नाच्या दिवशी रुखवत मांडला. लाडू, करंज्या, पापड, आणि सांडग्यांची परात. लासूर स्टेशनहून आलेली वरपक्षाची मंडळी कौतुकानं बघत होती. मुहूर्ताचे ते पाच सांडगे दगडाबाईनं परातीत सगळ्यांत वर ठेवले होते. त्यांच्यावर तिच्या बोटांचे ठसे वाळून पक्के झाले होते.

हे कुणी घातले, असं कुणी विचारलं तर सांगायला ती परातीशेजारीच उभी राहिली, कपाळावरचा पदर मागं सारून.