कचेरीच्या आधीचं जेवण

“जेवायला आणलंय का गोठवायला,” मनकर्णा पदर खांद्यावरून ओढून घेत पुटपुटली. बोलणं नवऱ्यासाठी होतं, पण ऐकू गेलं शेजारी बसलेल्या नणंदेला. सारजाबाई हसली नाही. तिलाही हुडहुडी भरली होती, पण तिच्या हुडहुडीचं कारण डोक्यावरचा एसी नव्हता.

क्रांती चौकाजवळच्या त्या हॉटेलाचं नाव ‘गलबत’. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात त्याच्या शाखा होत्या आणि आता इथंही एक निघाली होती. भिंतीवर निळ्या लाटा रंगवलेल्या, छताला जाळं टांगलेलं, दारात एक खरीखुरी होडी आणून ठेवलेली. समुद्र इथून एका दिवसाच्या वाटेवर, पण हॉटेलवाल्यानं तो पलीकडच्या गल्लीत आणून ठेवला होता. पाणी घेऊन आलेला वाढपी चांगला चाळिशीचा, पोट सुटलेला, अंगात आडव्या पट्ट्यांचा सदरा आणि डोक्यावर खलाशाची टोपी.

“दर्यावरले का हो तुम्ही?” मनकर्णानं विचारलं.

“नाय मावशी, मी वैजापूरचा,” तो म्हणाला आणि टोपी सरळ केली.

सोनाजीनं, म्हणजे सारजाच्या धाकट्या भावानं, आठवड्यापूर्वी फोन केला होता. “अक्का, लई दिवस झाले तुला बघून. ये शहरात. स्टँडावर गाडी घेऊन येतो. तुला दर्याचे मासे खाऊ घालतो.” पैठण म्हणजे धरणाचं गाव. तिथं स्टँडाबाहेर पाऊल टाकलं की मासळीच्या पाट्या पायात येतात. अशा गावच्या बाईला मासे खायला कुणी शहरात बोलावतं का? पण सारजानं काही विचारलं नाही. फोन ठेवता ठेवता सोनाजी म्हणाला होता, “आन् हां, आधारकार्ड तेवढं आण संगं.” मासे खायला आधारकार्ड लागत नाही, एवढं तिला कळत होतं.

बहिणीची सही घ्यायची त्यांच्याकडं एक रीत आहे. शब्द कुणी काढत नाही. बाप गेला, की वर्ष-दोन वर्षांनी भावाला बहिणीची आठवण अनावर होते. तिला बोलावतात, लुगडं घेतात, पोटभर जेवू घालतात आणि हात धुतल्यावर ‘जरा कचेरीत जाऊन येऊ’ म्हणतात. कचेरीत तिनं बापाच्या जमिनीतला हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायची आणि संध्याकाळच्या गाडीनं लुगड्याची पिशवी घेऊन सासरी परतायचं. सारजाच्या आत्यानं केली, चुलत्याच्या पोरींनी केली. भागूबाई नावाची एक लांबची बहीण तेवढी नाही म्हणाली होती. तिचं नाव निघालं की बायका अजून आवाज खाली करतात. वाटा घेतला की माहेर तुटतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. ते दुधातूनच आलं होतं.

शेंद्र्याजवळची दादांची, म्हणजे त्यांच्या वडिलांची जमीन, एके काळी जिच्यात बाजरीसुद्धा रुसून उगवायची, आता कारखान्यांच्या गोदामांना हवी होती. रस्त्याकडचा सगळा पट्टा विकायचा आणि विहिरीकडचा, घर असलेला तुकडा ठेवायचा, असं सोनाजीनं ठरवलं होतं. फक्त बहिणीचं नाव निघायला हवं होतं. दोन्हीकडून.

सारजाही काही नुसती मासे खायला आली नव्हती. उभं आयुष्य तिनं पैठणच्या मुलींच्या वसतिगृहात भाकरी थापण्यात घालवलं. नवरा लवकर गेला, पोरबाळ नाही. दिवाळीला नोकरी संपली. आता खोलीमालकाच्या मुलाचं लग्न निघालं होतं आणि ती राहत होती ती खोली त्याला हवी होती. हे तिनं माहेरी कुणाला सांगितलं नव्हतं. विहिरीकडच्या तुकड्यावर, लिंबाच्या अंगाला, दोन खणाची खोली बांधू द्या, एवढं तिला मागायचं होतं. एसटीत खिडकीशी बसून तिनं ते वाक्य घोळवून घोळवून गुळगुळीत केलं होतं. सहीच्या आधी मागावं तर हावरी ठरायची. सहीच्या नंतर मागावं तर भिकारी. आणि कचेरी जेवणाच्या पुढच्या वळणावर उभी होती.

ताटं आली. सारजाचा हात आपोआप पुढं गेला. तिनं वाट्या सरळ केल्या, भाकरी भावाकडं सरकवली, मनकर्णाचा पेला भरला.

“अक्का, बस की गुमान,” सोनाजी म्हणाला. “आज तू वाढायचं नाय. खायचं.”

तिला तेच जमत नव्हतं. वसतिगृहात ती शेवटच्या पंगतीनंतर, चुलीजवळ उभ्यानं खायची. असं खुर्चीत टेकून, कुणीतरी वाढतंय म्हणून बसायचं म्हणजे पायाला मुंग्या येत होत्या.

मनकर्णानं गुलाबी सोलकढीचा पेला नाकाशी धरला. “हे काय, ताकात रंग सांडला का?”

“कोकमाचा हाय मावशी,” वाढपी म्हणाला. “पिऊन तर बघा, एकदम थंड.”

“आणखी थंड?” म्हणत तिनं पेला लांब ठेवला.

सोनाजी मात्र खुशीत होता. त्यानं सुरमईचा तुकडा आपल्या ताटात घेतला, बोटांनी हलके हलके मोकळा केला, मधला काटा काढून बाजूला ठेवला आणि स्वच्छ मांस बहिणीच्या ताटात सरकवलं. “खाय. एकच काटा असतो याला. आपल्या गोदावरीच्या माशासारखी भानगड नाय.”

सारजानं घास घेतला. मासा गोड होता. हेच तर अवघड होतं. भाऊ वाईट असता तर किती सोपं झालं असतं. ह्याला तिनं कडेवर वागवला होता. आई रोजानं जायची तेव्हा ह्याच्या तोंडात घास घालणारी तीच होती. आता तो तिला काटे काढून देत होता, मनापासून देत होता, आणि तरी टेबलाखाली त्याच्या पायाशी दुकानाची पिशवी होती. तीत पैठणी होती, हे सारजाला पिशवीवरच्या मोरावरूनच कळलं होतं. पैठणच्या विणकरांच्या मागांची खटखट ऐकत जन्म काढलेल्या बाईला पैठणी घेतली ती शहरातून. आणि पैठणमध्ये असून तिच्या अंगाला ती कधी लागली नव्हती, हेही खरंच.

फोन वाजला. सोनाजीनं उष्ट्या हातानं, करंगळीनं बटण दाबलं. “हां रामकिसन. जेवतोय. आलोच. नंबर गेला तर पुढचा लावून ठेव.” मग कुणी काही विचारलं नसताना म्हणाला, “असंच. एक ओळखीचा हाय.”

रामकिसन दस्त लिहितो, हे सारजाला माहीत होतं. सोनाजीला ठाऊक होतं की तिला माहीत आहे. मनकर्णा भाकरीचा पापुद्रा सोलत बसली होती.

सारजा हात धुवायला उठली. जेवण अर्धं टाकून बाई हात धुवायला का जाते, हे कुणी विचारलं नाही. बेसिनच्या आरशात पाहून तिनं वाक्य पुन्हा म्हटलं. तोंडातल्या तोंडात ठीक वाटलं. परत आली, बसली, पाणी प्यायली, पुन्हा उठली.

“अक्का, पोट बिघडलं का?” सोनाजीनं काळजीनं विचारलं.

“नाय रे. पाय आखडलेत.”

“गाडीत बसली की बरं वाटंल. जवळच जायचंय.”

“कुठं?” सारजानं विचारलं. तिलाही नवल वाटलं, आपल्या तोंडून हे निघालं कसं.

सोनाजी ताटातल्या सुरमईकडं पाहत म्हणाला, “हेच की. कचेरीत. जरासं.” आणि घाईनं, “तू खाय. गार व्हतंय.”

शब्द निघाला होता, निदान अर्धा. आता नाही तर कधीच नाही. सारजानं ताट थोडं मागं सारलं.

“सोना, एक बोलायचं व्हतं. विहिरीकडं, लिंबापाशी… दोन खण जागा…” गुळगुळीत केलेलं वाक्य मधेच सांडलं. “मला खोली बांधायची व्हती. राहायला.”

“तुला? पैठण सोडून?” सोनाजी हसला, पण हसू लगेच विझलं. “अगं, हे काय इथं बोलायचं व्हय? आधी तिकडचं उरकू. मग तू म्हणशील तिथं खोली बांधू. सगळं घरच तुझं हाय. मी कधी तुला नाय म्हणलंय का?”

“कधीच नाय म्हणला नाहीस,” सारजा म्हणाली. हेही खरंच होतं. तिनं कधी काही मागितलंच नव्हतं.

“मग झालं तर.” त्यानं पुन्हा माशाकडं हात नेला.

मनकर्णानं हातातला घास ताटात ठेवला.

“माझा भाऊ बी हेच म्हणला व्हता,” ती म्हणाली.

“तू गप ना,” सोनाजी म्हणाला.

“गपच व्हते की इतके दिवस.” तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. नणंदेकडं पाहिलं. “अक्का, मी सही केली जालन्याला. तुमचा भाऊच घेऊन गेला व्हता मला. तिथं बी असंच जेवू घातलं, लुगडं घेतलं. सगळं घर तुझंच हाय, म्हणले. त्याच्यानंतर एकदा बी फोन नाय. दिवाळीला पिशवी भरून बसले, म्हणलं आता न्यायला येतील, मग येतील. शेजारणींना सांगितलं, कामं लई हायत, माहेरी जाया सवड कुठं.” तिनं भाकरीचा पापुद्रा बाजूला सारला. “सही केल्यावर बोलवायला काही कारणच राहत नाय, अक्का. तुमची सही झाली की तुमचं बी तसंच व्हनार. हे वाईट हायत म्हणून नाय. सगळेच करतात म्हणून.”

वाढपी येऊन ‘आणखी काही’ असं विचारणार होता, पण तिघांच्या तोंडाकडं पाहून तसाच मागं फिरला. सोनाजीची मान खाली होती. त्याला राग आला असावा, पण तो काढायला जागा सापडत नव्हती. बायको खोटं बोलत नव्हती.

फोन पुन्हा वाजला. सोनाजीचा हात तिकडं गेला, तेव्हा सारजानं आपला ओला तळवा त्यावर ठेवला. लहानपणी चुलीकडं जाणारा त्याचा हात धरायची, तेवढ्याच जोरानं. फोन हाताखाली थरथरत राहिला आणि मग थांबला.

“माझी खोली सुटतीय, सोना. ह्या महिन्यात,” ती म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही. “मला जायला कुठं जागा नाय. मी सही करणार नाय. दादांच्या जमिनीतला माझा वाटा मला पायजे.”